फ्लॉरेन्समध्ये कोडी सोडवत फिरायचंय? मग हे एकानेच वाचा

हा लेख गटातल्या एकाच माणसाने वाचायचा आहे. तो सूत्रधार. बाकीच्यांना याची गंधवार्ताही लागू देऊ नका, कारण पुढे उत्तरं उघडी दिली आहेत.

कोड्यांची फेरी म्हणजे गाइड नाही, बस नाही, डोक्यावर छत्री धरून पुढे चालणारं कोणी नाही. हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर दोन ओळी, उत्तर शहराच्या भिंतीवर. ते सापडलं की पुढची चिठ्ठी. ऐकायला सोपं वाटतं, तरी बहुतेक गट तिसऱ्या-चौथ्या चिठ्ठीला रुसून कॉफी प्यायला बसतात. कोडी फार अवघड होती असं नंतर सांगतात, पण खोदून विचारलं की वेगळंच निघतं. उत्तर तिकीट काढून आत जावं लागणाऱ्या जागेत होतं, किंवा त्याच्यावर चामड्याच्या पट्ट्यांची दुकानं मांडली होती, किंवा एकाच वर्णनाच्या पाच पाट्या शहरात होत्या. माझी पहिली फेरीही अशीच फसली. विकत घेतलेल्या पुस्तिकेतलं दुसरंच कोडं एका दुकानाच्या पाटीवर बेतलेलं होतं आणि दुकान बंद होऊन तिथे मोबाइलची कव्हरं विकत होते. भर उन्हात अर्धा तास आम्ही त्या कव्हरांमध्ये उत्तर शोधत होतो.

म्हणून चालण्यापेक्षा तयारीवर जास्त लिहितो आहे.

## टप्पा १ : घरून निघण्यापूर्वी

सूत्रधाराने चिठ्ठ्या कागदावर लिहून न्याव्यात. फोनवर पाठवल्या की फोन उघडा राहतो, आणि फोन उघडा राहिला की कोणीतरी गूगलला विचारतंच. प्रत्येक कोड्याची चार पाकिटं करा: एकात कोडं, दोनात सूचना, चौथ्यात उत्तर. पहिली सूचना दिशा सांगणारी (‘मान वर करा’), दुसरी वस्तू सांगणारी (‘धातूचं आहे’). बारा मिनिटांत सुटलं नाही तर पहिली, अठराव्या मिनिटाला दुसरी, पंचविसाव्याला उत्तर. हे वेळापत्रक निघण्यापूर्वी सगळ्यांकडून कबूल करून घ्या. वाटेत नियम ठरवायला गेलात तर काका आणि भाचा यांच्यात तंटा ठरलेला.

एका तुकडीत तीन ते पाच जण. सहावा आला की दोघं मागे गप्पा मारत राहतात. आठ-दहा जण असाल तर दोन तुकड्या करा आणि दुसरीला वीस मिनिटं उशिरा सोडा. अशा वेळी दुसऱ्या तुकडीबरोबर चालायला पाकिटं सांभाळणारा आणखी एक जण लागेल, आणि त्याला खेळता येणार नाही. वाट उलटी करून देण्याचा मोह टाळा. का, हे टप्पा ५ मध्ये कळेल.

सोबत घ्यायचं: छोटी दुर्बीण, पेन्सिल, पाण्याची रिकामी बाटली, आणि पक्के तळ असलेले बूट. रस्ते दगडी लाद्यांचे आहेत, पावसात निसरडे होतात आणि चपलेतून टोचतात. फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवा. नकाशा बघायला परवानगी, शोधायला नाही.

तपासा: पाकिटांवर क्रमांक आहेत ना? उत्तराची पाकिटं वेगळ्या पिशवीत आहेत ना?

## टप्पा २ : कोणतं उत्तर चालतं, कोणतं नाही

खाली मी माझी कोडी देतो आहे, पण तुम्ही आपली रचाल तर प्रत्येक उत्तराला तीन प्रश्न विचारा. ते दगडात किंवा धातूत आहे का? रस्त्यावर उभं राहून, तिकिटाशिवाय दिसतं का? शहरात तसं एकच आहे का?

तिसऱ्या प्रश्नावर सगळे घसरतात. ‘पुराची पाटी शोधा’ असं लिहिलंत तर संपलंच. १९६६ च्या पुराचं पाणी कुठवर चढलं हे सांगणाऱ्या पाट्या मध्य फ्लॉरेन्समध्ये जागोजागी आहेत. ‘मेदिचींच्या ढालीवर गोळे किती?’ हाही फसवा प्रश्न. फ्लॉरेन्सवर राज्य केलेल्या या घराण्याच्या चिन्हावरच्या गोळ्यांची संख्या काळानुसार बदलत गेली आणि पुढे सहावर स्थिरावली. त्यामुळे कोणती ढाल, कोणत्या इमारतीवरची, हे सांगितल्याशिवाय उत्तर ठरत नाही. वाहतुकीच्या फलकांवर क्लेट अब्राहम हा कलावंत गमतीदार आकृत्या चिकटवतो. मुलांना त्या फार आवडतात, पण त्या नुसत्या चिकटवलेल्या आहेत. आज आहेत, उद्या नाहीत. त्यांच्यावर कोडं बेतू नका.

मोजणीच्या उत्तरावर पुढची चिठ्ठी कधीही टांगू नका. दोन माणसं एकच गोष्ट मोजतात तेव्हा तीन आकडे येतात. मोजणी गुणांसाठी ठेवा, रस्ता उघडण्यासाठी नको.

गूगलच्या रस्त्याच्या छायाचित्रांत आपलं उत्तर घरबसल्या बघून घ्या. छायाचित्र कोणत्या महिन्याचं आहे तेही बघा. पाच वर्षांपूर्वीचं असेल तर मधल्या काळात तिथे बांधकामाचा परांचा चढला असू शकतो. म्हणून दर तीन कोड्यांमागे एक राखीव कोडं खिशात ठेवा.

## टप्पा ३ : आकड्यांची पट्टी

पुठ्ठ्याच्या एका पट्टीवर पुढच्या चार गोष्टी लिहून प्रत्येकाच्या हातात द्या. यात फसवणूक नाही. याच्याशिवाय हुशार माणूसही अडतो.

पहिली, रोमन आकडे. आपण शाळेत चारशे ‘सी-डी’ असं शिकलो. इथले जुने लेख सरळ चार वेळा ‘सी’ लिहितात. शाळेचा नियम लावणारा मुलगा ‘हे चुकीचं कोरलंय’ म्हणून पुढे जातो.

दुसरी, लॅटिनमध्ये ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरतात, आणि शब्द अर्धे तोडून वर आडवी रेघ मारतात. फोनचा भाषांतर करणारा कॅमेरा इथे हमखास बरळतो.

तिसरी, वर्ष. फ्लॉरेन्सचं वर्ष १७४९ पर्यंत २५ मार्चला सुरू व्हायचं. १७५० पासून १ जानेवारी आली. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला उलटतं, तसंच समजा. त्यामुळे जुन्या दगडावर फेब्रुवारी १५०० असेल तर आपल्या हिशेबाने तो १५०१ असतो. कोड्यात ‘किती वर्षांपूर्वी’ असं विचारलं असेल तर आधी महिना बघा.

चौथी, घरांचे क्रमांक. एकाच रस्त्यावर दोन माळा चालतात: दुकानांचे आकडे लाल, राहत्या घरांचे निळे किंवा काळे. लाल आकडा लिहिताना पुढे ‘आर’ लावतात. म्हणजे २२ आणि २२-आर ही दोन वेगळी दारं, आणि त्यांच्यात बरंच अंतर असू शकतं. चिठ्ठीत घर क्रमांक देणार असाल तर रंग लिहा. शिवाय रस्ता सरळ गेला तरी नाव बदलतं. व्हिया रोमा पुढे कालिमाला होते, मग पोर सांता मारिया, आणि पूल ओलांडला की व्हिया ग्विच्चार्दिनी. पाटी बदलली म्हणून माणसं वळतात आणि हरवतात.

## टप्पा ४ : आदल्या संध्याकाळी सराव

हा टप्पा सगळे गाळतात. गाळू नका. पहिलं कोडं थकवा नसताना, गुण नसताना सोडवलं की दुसऱ्या दिवशी तास वाचतो.

रेल्वे स्टेशनासमोरच सांता मारिया नोव्हेल्ला हे चर्च आहे. मात्र त्याचा दर्शनी भाग पलीकडच्या चौकात आहे. स्टेशनाकडून आलात तर पाठ दिसते, वळसा घालून जा. तिथे ही चिठ्ठी द्या:

*पैसे दिले त्याचं नाव वर, आराखड्याचा धनी वेगळा;*
*साल आहे अक्षरांत, हिशेब करा सगळा.*

उत्तर वरच्या पट्टीवर ठसठशीत अक्षरांत आहे. जोव्हान्नी रुचेल्लाय या व्यापाऱ्याचं लॅटिन नाव, आणि शेवटी एम, चार सी, एल, दोन एक्स, म्हणजे १४७०. आराखडा लेओन बात्तिस्ता आल्बेर्तीचा. अंकांची बेरीज १२ आली तर बरोबर. अशी बेरीज प्रत्येक आकडी उत्तराच्या पाकिटावर बाहेरून लिहून ठेवा. पाकीट न उघडता खात्री होते, हा माझा सगळ्यांत उपयोगी पडलेला उपाय आहे.

त्याच चौकात दोन दगडी सुळके आहेत. एकेकाळी रथांच्या शर्यतीत वळणाच्या खुणा म्हणून ते वापरायचे. ते कशावर उभे आहेत ते मुलांना वाकून बघू द्या. (जांबोलोन्या या शिल्पकाराची ब्राँझची कासवं, प्रत्येकाखाली चार.)

जेवण झाल्यावर, रात्री, मेर्कातो नुओव्हो या बाजाराच्या कमानींच्या मंडपात जा. हे कोडं दिवसा ठेवायचं नाही:

*चाक आहे, गाडी नाही;*
*बसलं की अब्रू जाई.*

मंडपाच्या मधोमध फरशीत संगमरवरी चाक बसवलेलं आहे. दिवाळं निघालेल्या व्यापाऱ्याला इथे आणून, कपडे उतरवून, उघड्या ढुंगणाने दगडावर आपटायचे. पैसे बुडाले ते बुडाले, वर सगळ्या बाजारासमोर ही शोभा. दिवसा या मंडपात चामड्याच्या पट्ट्यांचे आणि पिशव्यांचे गाडे उभे असतात आणि चाक त्यांच्याखाली जातं. मी पहिल्यांदा हे सकाळी अकराला ठेवलं होतं. विक्रेत्याने माझ्या भाचीला तीन पर्स दाखवल्या, चाक काही दाखवलं नाही.

शेजारीच ब्राँझचं रानडुक्कर आहे, अंग काळपट आणि नाक सोनेरी. येणारा-जाणारा प्रत्येक जण ते चोळतो. मूळ पुतळा पिएत्रो ताक्काचा, सतराव्या शतकातला. तो आता बार्दिनी संग्रहालयात आहे, इथे आहे ती प्रत. हे राखीव कोडं म्हणून ठेवा, गाडे असोत नसोत ते दिसतं.

सावध: चाक रात्रीसुद्धा झाकलेलं असेल तर हट्ट करू नका. राखीव कोडं द्या आणि झोपायला जा.

## टप्पा ५ : सकाळी आठ, सांतिस्सिमा अनुन्त्सियाताचा चौक

बहुतेक जण कथीड्रलच्या, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चच्या, घुमटापासून सुरुवात करतात. चूक. तिथे नऊनंतर रांगा लागतात आणि तुकडी फुटते. उत्तरेला या चौकातून निघा. इथून व्हिया देई सेर्व्ही सरळ दक्षिणेला उतरते आणि तिच्या टोकाला घुमट पावलागणिक मोठा होत जातो. वाट उलटी केली तर तो पाठीमागे राहतो, आणि फेरीतला सगळ्यांत चांगला देखावा फुकट जातो.

पूर्ण वाट जेमतेम दोन-अडीच किलोमीटर आहे. तरी चार तास धरा.

चौकाच्या मधोमध मेदिची घराण्यातला ड्यूक फेर्दिनांदो पहिला घोड्यावर बसलाय. जांबोलोन्याने सुरू केलेला आणि ताक्काने पुरा केलेला पुतळा, १६०८ चा. चिठ्ठी:

*मधोमध राणी, भोवती रिंगण;*
*बोट न दाखवता मोजील कोण?*

चौथऱ्यावर ब्राँझच्या पाटीत राणीमाशी आणि तिच्याभोवती वर्तुळांत मधमाश्या आहेत. रूढ उत्तर ९१. बोट लावून मोजायचं नाही हाच तिथला जुना खेळ आहे. डोळ्यांनी मोजताना दुसऱ्या वर्तुळात गाडी घसरतेच. नव्वदीच्या आसपास काहीही आलं तरी गुण द्या आणि पुढे चला. टप्पा २ मध्ये सांगितलेलं आठवा: हे उत्तर पुढच्या चिठ्ठीची किल्ली नाही.

किल्ली हवी असेल तर घोड्याच्या पोटाखालच्या पट्ट्यावरचा लेख वाचायला सांगा. दुर्बीण लागेल. पुतळ्याचा धातू कुठून आला हे तिथे कोरलंय: शत्रूकडून, म्हणजे तुर्कांकडून हिसकावलेला. त्यांच्या जहाजांवरच्या तोफा वितळवून हा घोडा ओतला.

चौकाच्या पूर्वेला ब्रुनेलेस्कीने आखलेलं अनाथ बालकांचं घर आहे, काम सुरू झालं १४१९ ला. कमानींच्या मधल्या निळ्या चकत्यांत दुपट्यात गुंडाळलेली बाळं दिसतात. ‘बाळं किती?’ असं विचारू नका. आंद्रेआ देल्ला रोब्बियाची मूळची दहा आहेत, पण टोकाला नंतरची भर पडली आहे. मोजणाऱ्याचं उत्तर आणि पुस्तकातलं उत्तर जुळत नाही. त्यापेक्षा ‘सगळ्यांची दुपटी सारखीच बांधलीत का?’ असं विचारा. मुलं बराच वेळ मान वर करून बघत बसतात.

तपासा: पावणेनऊच्या आत चौक सोडला का? आजी-आजोबा सोबत असतील तर इथल्या कमानीखालच्या सावलीत त्यांना पाच मिनिटं बसवून घ्या. पुढे निवांत जागा कमी आहेत.

## टप्पा ६ : घुमटाभोवती, पण घड्याळाच्या उलट

व्हिया देई सेर्व्ही तुम्हाला कथीड्रलच्या पाठीशी आणून सोडते. दर्शनी भागाकडे धावू नका. पाठीमागेच ही चिठ्ठी:

*वीज कडाडली, सुटला सोन्याचा गोळा;*
*जिथे आपटला तिथे दगडात पांढरा डोळा.*

घुमटाच्या टोकावरचा मुलामा दिलेला तांब्याचा गोळा व्हेर्रोक्क्यो या शिल्पकाराच्या कारखान्यातला, १४७१ मध्ये वर चढवलेला. विजेने तो खाली पाडला आणि १६०२ मध्ये नवा, आधीपेक्षा मोठा बसवला. जुना जिथे पडला तिथे फरशीत पांढऱ्या संगमरवराची गोल चकती आहे. सगळे वर बघतात म्हणून कोणाला ती सापडत नाही. कोड्यात ‘डोळा’ लिहिलाय, त्यामुळे माणसं भिंतीवर खिडक्या शोधतात. पहिली सूचना ‘खाली बघा’ एवढीच द्या. कधी चकतीवर सामानाची गाडी उभी असते. गाडी हलेपर्यंत थांबा, माणसाला विनवा, पण उत्तर सांगू नका. इथे सापडल्याचा आनंद सगळ्यांत मोठा असतो.

मग उत्तरेच्या बाजूने पुढे जा. उंचावर भिंतीतून एका बैलाचं डोकं बाहेर डोकावतं. दगड वाहून आणणाऱ्या जनावरांच्या आठवणीसाठी ते बसवलं, ही एक कथा. कोणा गवंड्याने बेकऱ्याला चिडवायला बसवलं, त्याच्या बायकोवरून, ही दुसरी. दुसरी मुलांपुढे सांगायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी सांगितली नव्हती, भाचीने नंतर शोधून काढली.

समोरच्या अष्टकोनी बाप्तिस्मागृहाचं पूर्वेचं सोनेरी दार म्हणजे गर्दीचा कडेलोट. गिबेर्तीने १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षं त्यावर घातली आणि चौकटीत आपलं टकलू डोकं बसवून ठेवलं. कोडं हवंच असेल तर ‘कारागीर दारातच उभा आहे, केसांवरून ओळखू नका’. बाहेरचं दार प्रत आहे, मूळ कथीड्रलच्या संग्रहालयात. गर्दी तीन ओळींच्या वर असेल तर हे कोडं सरळ सोडा.

सावध: या चौकात आणि पुढे पुलावर खिसेकापूंचा सुळसुळाट असतो. मान वर करून दुर्बीण लावलेला माणूस त्यांना फार आवडतो. एकाने बघायचं तेव्हा दुसऱ्याने पिशव्या सांभाळायच्या.

## टप्पा ७ : धान्याच्या बाजारापासून राजवाड्यापर्यंत

व्हिया देई काल्त्सायुओलीने दक्षिणेला या. डाव्या-उजव्या दुकानांत माणसं हरवतात, म्हणून इथे चालता खेळ लावून द्या. जुन्या वाड्यांच्या भिंतीत दाराशेजारी कुठे कुठे हातभर उंचीची कमानदार छोटी खिडकी दिसते. मालक लोक त्यातून रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला वाइनची बाटली विकायचे. शहरात अशा दीडशेहून अधिक आहेत. एक दिसली की एक गुण. काही बुजवलेल्या असतात, त्यांनाही गुण द्या.

ओर्सानमिकेले ही चौकोनी इमारत चर्चसारखी दिसत नाही, कारण आधी तो धान्याचा बाजार होता. बाहेरच्या भिंतींत चौदा कोनाडे आहेत, व्यापारी आणि कारागीर संघांनी आपापल्या संतांसाठी घेतलेले.

*वर संत उभे, खाली चालू आहे काम;*
*हत्यारं बघून सांगा, कोणाचं हे धाम.*

उत्तर: नान्नी दी बांकोचे चार संत एकाच कोनाड्यात दाटीने उभे आहेत आणि त्यांच्या पायाखालच्या पट्टीत गवंडी आणि शिल्पकार कामाला लागलेत. संघ दगड-लाकूडकाम करणाऱ्यांचा. नेहमीची चूक म्हणजे पहिल्या बाजूलाच थांबून उत्तर ठरवणं. पूर्ण प्रदक्षिणा झाल्याशिवाय उत्तर घ्यायचं नाही, असा नियम या एका कोड्यापुरता करा.

पुढे पियात्सा देल्ला सिन्योरिया हा चौक. इथे तीन चिठ्ठ्या देता येतील, मी दोनच देतो.

*एक हात, बारा घरं;*
*मिनिटं नाहीत, तरी खरं.*

पालात्सो वेक्क्यो या राजवाड्याच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला एकच काटा आहे, तासाचा. लहान मुलं आधी ओळखतात, मोठी माणसं दुसरा काटा लपलाय असं समजून बघत राहतात.

*माणूस जळाला, खूण उरली;*
*तीही चार शतकांनी कोरली.*

नेपच्यूनच्या कारंज्यासमोर फरसबंदीत गोल पाटी आहे. साव्होनारोला या भिक्षूला २३ मे १४९८ ला इथे फाशी देऊन जाळलं. पाटीत रोमन आकडे आहेत, पट्टी बाहेर काढा. सहल घेऊन आलेला एखादा गट नेमका तिच्यावर उभा असतो. पाच मिनिटांत हलतो.

वेळ उरला तर हर्क्युलीसच्या पुतळ्यामागे, राजवाड्याच्या कोपऱ्याच्या दगडावर ओरखडून काढलेला एक चेहरा शोधायला लावा. मायकेलअँजेलोने काढला असं सांगतात. खरं असो नसो, शोधायला मजा येते.

तपासा: कारंज्याजवळ पिण्याच्या पाण्याचा सार्वजनिक नळ आहे, बाटल्या भरा. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्या. खुर्चीवर बसलात की त्याच कॉफीचे कितीतरी जास्त पैसे, आणि तुकडी परत उठत नाही.

## टप्पा ८ : नदीच्या खुणा आणि पूल

व्हिया देई नेरीने पूर्वेला जा. व्हिया सान रेमिज्योच्या कोपऱ्यावर थांबा. इथे चिठ्ठीत रस्त्याचं नाव द्यायचंच, नाहीतर तुकडी वाटेतल्या कोणत्याही पाटीपुढे उड्या मारेल.

*पाहुणी आली दोनदा, तारीख तीच धरून;*
*कोणत्या वेळी वर चढली, सांगा मान वर करून.*

एक खूण १३३३ ची, हाताने पाण्याची रेघ दाखवणारी. दुसरी १९६६ ची. दोन्ही पूर ४ नोव्हेंबरचे. वरची खूण १९६६ ची. ती आपल्या डोक्याच्या किती वर आहे ते बघून तुकडी आपोआप गप्प होते. पुण्याचे कोणी सोबत असतील तर पानशेतच्या पुराची गोष्ट निघतेच, निघू द्या. हे कोडं घाईने संपवायचं नाही.

मग नदीकाठाने मागे येऊन पोन्ते वेक्क्यो. पूल १३४५ चा. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले बाकीचे पूल उडवले, हा ठेवला. शेवटची चिठ्ठी पुलाच्या दक्षिण टोकाला उघडायची, मध्यावर नाही. मध्यावर गर्दी तुम्हाला उभं राहू देत नाही.

*ड्यूकचा रस्ता, सरळ येता येता वाकला;*
*एका घराने नाही म्हटलं, कोणापुढे झुकला?*

१५६५ मध्ये ड्यूक कोझिमो मेदिचीसाठी वाझारी या वास्तुकाराने राजवाड्यापासून नदीपलीकडे जाणारा झाकलेला मार्ग पाच महिन्यांत बांधला. तो सोनारांच्या दुकानांवरून सरळ येतो आणि टोकाला मान्नेल्ली कुटुंबाच्या बुरुजाला वळसा घालतो, कारण त्यांनी बुरूज पाडू दिला नाही. वळण दगडी घोडींवर तोललेलं आहे. उत्तर ‘वाझारी’ असं आलं तर अर्धे गुण. प्रश्न कोणापुढे झुकला असा आहे.

## टप्पा ९ : दुसऱ्या दिवशी, काशीने बागेत

हे कोडं मराठी गटाने गाळू नये. पण ते पहिल्या दिवसाच्या शेवटी चिकटवू नका. मी चिकटवलं होतं आणि संध्याकाळी अर्ध्या बागेतून सगळ्यांना परत आणावं लागलं. काशीने बागच साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांब आहे आणि जागा तिच्या पश्चिमेच्या अगदी टोकाला आहे. ट्राम बागेच्या शहराकडच्या टोकापाशी सोडते. पुढे चालायचं किंवा सायकल घ्यायची. सकाळीच निघा, पाणी न्या, अंधार पडायच्या आत परता.

*राज्य पंचगंगेकाठी, राख आर्नोच्या पाण्यात;*
*पुलाने घेतलं नाव, सांगा कोणाच्या मानात.*

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे अंत्यसंस्कार आपल्या रीतीने झाले. परक्या शहराने त्यासाठी खास परवानगी दिली होती. तिथे १८७४ मध्ये उभारलेल्या नक्षीदार छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे. पुतळा फुलर या शिल्पकाराचा, छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला. शेजारून जाणाऱ्या मोठ्या पुलाला लोक ‘पोन्ते आल’इंदियानो’ म्हणतात, भारतीयाचा पूल. हेच चिठ्ठीचं उत्तर.

नेहमीची चूक: तुकडी पुलावर उत्तर शोधत वर चढते. पूल वाहनांचा आहे. पहिली सूचना ‘पुलाखालच्या बाजूला, झाडीत, छत्री’ अशी आधीच लिहून ठेवा. आणि चौथऱ्यावरचे लेख वाचायला पुठ्ठ्याची पट्टी इथे लागणार नाही. इटालियन आणि इंग्रजीबरोबर आपल्याकडच्या लिपीतली अक्षरंही तिथे आहेत. ती कोणाला आधी दिसतात बघा, आणि त्याला दोन गुण द्या.